औषधाच्या बाटलीत नेमके काय आहे? – मिश्रण ओळखण्याच्या दोन परीक्षा



हुमणीचा, खोडकिडीचा किंवा तणाचा हंगाम आला की पाबळ गटाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. हातात औषधाची बाटली असते आणि सभासद म्हणतात, "साहेब, एवढी बाटली आपल्या कारखान्याच्या लॅबमध्ये तपासून द्या. औषध खरं आहे का नुसतं पाणी, ते कळू द्या." कोणी वास घेऊन दाखवतो. कोणी तांब्याभर पाण्यात चार थेंब टाकून, दुधासारखे पांढरे होते की नाही, ते दाखवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाणी पांढरे होणे हा विषाचा गुण नव्हे. औषध पाण्यात मिसळावे म्हणून त्यात साबणाच्या जातीचा पदार्थ घातलेला असतो, पांढरेपणा त्याचा. उग्र वास बहुतेक वेळा द्रावकाचा असतो. म्हणजे बाटलीत कीडनाशक एक थेंबही नसले, तरी वास येईल आणि पाणीही पांढरे होईल. दिसतं तसं नसतं, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

मग खरे-खोटे कळते कसे? त्यासाठी रसायनशास्त्रात दोन परीक्षा आहेत. एक वेगळे करते, दुसरी ओळख पटवते. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे दुधाचे दूध आणि पाण्याचे पाणी होते. त्या कशा चालतात आणि त्यांचा आपल्याला उपयोग कसा करून घ्यायचा, हे या लेखात सांगायचे आहे.

ब्रिक्स आणि पोल : आपल्या घरचेच उदाहरण

कारखान्याची प्रयोगशाळा उसाच्या रसासाठी उभारलेली आहे, कीटकनाशकासाठी नव्हे. पण मिश्रणाची अडचण काय असते, हे सभासदांना रसावरूनच चांगले समजेल.

रसाचा ब्रिक्स २० आला, म्हणजे रसात विरघळलेले घन पदार्थ साधारण शेकडा २० आहेत. पण त्यात साखर किती आणि क्षार, ग्लुकोज, फ्रुक्टोज किती, हे ब्रिक्स सांगत नाही. म्हणून आपण पोल पाहतो. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकाश गेला की तो उजवीकडे वळतो, आणि किती वळला यावरून साखर मोजतात. आता ऊस तोडून चार दिवस फडात पडला तर साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवतो, फ्रुक्टोज त्याहून जास्त डावीकडे. एकाने पुढे ओढायचे, दुसऱ्याने मागे, आणि आकडा तिसराच यायचा.

बोध असा की, मिश्रणाला एकच प्रश्न विचारला तर उत्तर सगळ्यांचे मिळून येते. खरे उत्तर हवे असेल तर आधी मंडळी वेगळी करावी लागतात, मग एकेकाला नाव विचारावे लागते.

पहिली परीक्षा : पातळ थराची काच

ही परीक्षा पोरांना घरी करून दाखवता येते. पांढरा खडू घ्या. तळापासून बोटभर उंचीवर काळ्या स्केचपेनने ठिपका द्या. ताटलीत थोडे पाणी घेऊन खडू उभा करा. ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी खडूत चढू लागते, ठिपक्यापाशी येते आणि काळा रंग फुटून निळा, पिवळा असे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर दिसू लागतात. काळा रंग मुळात एक नव्हताच, मिश्रण होते. आपल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. अशा गोष्टी वाचून कळण्यापेक्षा करून लवकर कळतात.

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच तत्त्वावर पानांतला हिरवा आणि पिवळा रंग खडूच्या भुकटीतून वेगळा केला. या पद्धतीला 'क्रोमॅटोग्राफी' हे नावही त्यानेच १९०६ साली दिले. पुढे १९३८ साली खारकोव येथे इझमायलोव आणि श्रायबर यांनी काचेवर भुकटीचा पातळ थर देऊन पाहिला. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी सिलिका जेलच्या काचा एका ठरावीक रीतीने बनवल्या आणि ही पद्धत जगभर पसरली. तिलाच पातळ थराची क्रोमॅटोग्राफी म्हणतात. प्रयोगशाळेतली मंडळी थोडक्यात टीएलसी म्हणतात.

काच साधारण वीतभर, २० सेंटिमीटर लांब-रुंद असते. तिच्यावर सिलिकाचा पाव मिलिमीटर जाडीचा थर असतो. खाली एका ओळीत ठिपके देतात. एक आपल्या बाटलीतल्या औषधाचा, शेजारी अस्सल शुद्ध नमुन्याचा. मग काच बंद बरणीत, तळाशी थोडे द्रावण घेऊन उभी करतात. द्रावण वर चढते आणि पदार्थांना सोबत नेते. ज्या पदार्थाला सिलिका घट्ट धरून ठेवते तो मागे राहतो, ज्याला सैल सोडते तो पुढे जातो. यात्रेत चालणाऱ्यांसारखेच आहे. रस्ता एकच, पण जो प्रत्येक दुकानापुढे रेंगाळतो तो मागे पडतो.

द्रावण १५ सेंटिमीटर चढले आणि ठिपका ९ सेंटिमीटर, तर ९ भागिले १५ म्हणजे ०.६० हा त्या पदार्थाचा आकडा. बहुतेक कीटकनाशके बिनरंगी असतात, म्हणून ठिपके अतिनील दिव्याखाली पाहतात, आयोडीनच्या वाफेत तपकिरी करून घेतात, किंवा खास रसायनाचा फवारा मारून रंगवतात. उदाहरणार्थ, गंधक असलेल्या फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकांना पॅलेडियम क्लोराईडचा फवारा पिवळा-तपकिरी रंग देतो.

आपण वर्तमानपत्रात 'व्हिसेरा राखून ठेवला' असे वाचतो. तो जातो सरकारच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, आणि पोटात कोणते विष गेले याचा शोध घेताना ही काच तिथले रोजचे हत्यार आहे. आपल्या राज्यातल्या मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथल्या प्रयोगशाळांतील रसायनतज्ज्ञांनी १९८० च्या दशकापासून एकेका कीटकनाशकासाठी खास रंग देणारे फवारे शोधून ते परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध केले. शेतीच्या विषांचा शोध घेण्याच्या या कामात महाराष्ट्र मागे नाही, हे सभासदांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

तरी या काचेत एक उणीव आहे. ती उंची सांगते, नाव सांगत नाही. दोन निराळे पदार्थ योगायोगाने एकाच उंचीवर थांबू शकतात. दोन फडांचा ब्रिक्स सारखा आला म्हणून दोन्हींतली साखर सारखी ठरत नाही, तसेच हे.

दुसरी परीक्षा : अवरक्त प्रकाश

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे सात रंग लोलकाने वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हते, तिथे पारा जास्त चढला. तो न दिसणारा उष्ण प्रकाश म्हणजे अवरक्त प्रकाश. चुलीपुढे बसल्यावर अंगाला लागते ती धग मुख्यतः त्याचीच.

प्रत्येक पदार्थाचे कण म्हणजे अणूंच्या गोळ्या, जणू स्प्रिंगांनी जोडलेल्या. या स्प्रिंगा सतत हलत असतात, आणि प्रत्येकीचा ठेका वेगळा. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात धक्का दिला तरच तो चढतो, भलत्या वेळी दिला तर नाही. तसेच इथे. अवरक्त प्रकाशातली जी लहर स्प्रिंगेच्या ठेक्याशी जुळते तेवढीच पदार्थ शोषून घेतो, बाकीचा प्रकाश पार जातो. यंत्र कागदावर रेघ काढते आणि जिथे शोषण झाले तिथे रेघेत खळगा पडतो.

हे खळगे आकड्यांनी ओळखतात. कार्बन आणि ऑक्सिजनच्या दुहेरी जोडाचा खळगा १७०० च्या आसपास येतो. कार्बन-नायट्रोजनच्या तिहेरी जोडाचा २२०० च्या जवळपास. पाण्यातल्या आणि अल्कोहोलातल्या जोडाचा ३३०० च्या सुमारास, आणि तो रुंद असतो. १५०० च्या खाली तर खळग्यांची अशी दाटी असते की ती प्रत्येक पदार्थाची वेगळी. म्हणून त्या भागाला अंगठ्याचा ठसाच म्हणतात. सात-बाऱ्यावर नाव एकच असलेले दोघे असतील, पण अंगठा एक नसतो.

या परीक्षेचीही उणीव आहे. पदार्थ एकटा असेल तरच ठसा स्वच्छ उमटतो. बाटलीतले औषध जसेच्या तसे ठेवले तर द्रावकाचे, साबणाचे आणि औषधाचे खळगे एकमेकांवर पडतात. एकाच कागदावर पाच जणांनी अंगठा उठवावा, तशी गत होते.

दोघींची सांगड

आता सभासदांच्या ध्यानात आले असेल. काच वेगळे करते पण नाव सांगत नाही, प्रकाश नाव सांगतो पण मिश्रणात गोंधळतो. म्हणून आधी काचेवर ठिपके वेगळे करायचे, मग एकेक ठिपका खरवडून अवरक्त प्रकाशात ठेवायचा.

ऐकायला सोपे, पण करताना चार पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, ठिपक्यावर फवारा मारला की पदार्थ बिघडतो. म्हणून काचेचा बराच भाग दुसऱ्या काचेने झाकतात आणि कडेच्या एका पट्टीवरच फवारा मारतात. त्या पट्टीवर ठिपका जिथे उमटला, त्याच उंचीवर झाकलेला भाग खरवडतात.

दुसरे, खरवडलेल्या भुकटीत सिलिका असते आणि तिचा स्वतःचा मोठा खळगा ११०० च्या आसपास येतो. तो बाकीच्यांना झाकून टाकतो. म्हणून भुकटी द्रावकात घोळून, गाळून, पदार्थ सिलिकेपासून सोडवून घेतात.

तिसरे, साधी काच अवरक्त प्रकाशाचा बराच भाग अडवते, म्हणून तिथे मिठाच्या जातीचा पोटॅशियम ब्रोमाईड वापरतात. त्याची कोरडी पूड आणि आपला पदार्थ एकत्र दाबून पारदर्शक वडी करतात. ठिपक्यातला पदार्थ मिलिग्रॅमच्याही अंशात असतो. त्यासाठी एक नामी युक्ती निघाली. पोटॅशियम ब्रोमाईडचा त्रिकोणी सच्छिद्र तुकडा द्रावणात उभा करायचा. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसे द्रावण टोकापर्यंत चढते, तिथे उडून जाते आणि पदार्थ टोकाशी साठतो. तेवढे टोक मोडून त्याचीच वडी दाबायची.

चौथे पथ्य सर्वांत मोलाचे. काचेचा रिकामा भागही तेवढाच खरवडून, सगळी क्रिया तशीच करून, त्याचाही कागद काढायचा. त्यात जे खळगे दिसतील ते आपल्या कामातले, औषधातले नव्हेत. शेतात आपण प्रयोग करताना एक ओळ बिनखताची सोडतो, तोच हा न्याय.

एक उदाहरण

समजा, लेबलवर क्लोरपायरीफॉस ५० टक्के आणि सायपरमेथ्रिन ५ टक्के असे लिहिले आहे. (हे फक्त समजण्यासाठी. उसासाठी शिफारस म्हणून नव्हे.) काचेवर बाटलीचा ठिपका आणि शेजारी दोन अस्सल नमुने दिले. दोघांच्या उंचीत फरक पडेल असे द्रावण निवडले. साबणाचा पदार्थ बहुतेक खालीच बसून राहतो.

बाटलीतून दोन्ही उंचीवर ठिपके आले तर प्रत्येक ठिपका प्रकाशात ठेवायचा. सायपरमेथ्रिनमध्ये कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी जोड आहे, त्याचा ठळक खळगा १७४० च्या जवळ दिसलाच पाहिजे. क्लोरपायरीफॉसमध्ये तो जोड नाही, तिथे रेघ सपाट राहिली पाहिजे, आणि फॉस्फरस-ऑक्सिजनचा खळगा १०२० च्या आसपास मिळाला पाहिजे. सिलिकेचा खळगा याच्या शेजारीच असतो, म्हणूनच वरचे दुसरे आणि चौथे पथ्य. ठसा अस्सल नमुन्याच्या ठशाशी जुळला की नाव पक्के. एकच ठिपका आला तर दुसरे औषध घातलेलेच नाही. तिसराच, लेबलवर नसलेला ठिपका आला तर तो कोण, हेही ठशावरून शोधता येते.

तणनाशकात ही गोष्ट आणखी जवळून लागू पडते. २,४-डी आपण उसात वापरतो. ते सोडियम क्षार, अमाईन क्षार आणि एस्टर अशा रूपांत मिळते. एस्टरची वाफ होऊन ती शेजारच्या रानात जाऊ शकते, आणि द्राक्ष, टोमॅटो, कापूस ही पिके २,४-डीला फार नाजूक. आपल्या भागात ऊस आणि तरकारी बांधाला बांध लावून असतात. क्षार समजून एस्टर मारले गेले तर शेजाऱ्याचा प्लॉट वाकडा होतो आणि भावकीत कायमचा वाकडेपणा येतो. अवरक्त प्रकाशात हा फरक झटकन दिसतो. एस्टरचा खळगा १७५० च्या जवळ, तर क्षाराचा खाली सरकून १६०० च्या सुमारास.

ही परीक्षा काय सांगत नाही

सभासदांनी चुकीची अपेक्षा ठेवू नये म्हणून हेही लिहितो. या दोन परीक्षा 'कोण आहे' ते सांगतात. 'किती टक्के आहे' हे नेमके सांगायला गॅस क्रोमॅटोग्राफ किंवा त्यासारखी मोजणारी यंत्रे लागतात. २० टक्क्यांच्या जागी १२ टक्के भरले असेल तर नाव खरेच निघेल, लबाडी टक्क्यात असेल.

तसेच फार सूक्ष्म अंश त्यांना दिसत नाहीत. 'टॉनिक', 'संजीवक' अशा नावाने विकल्या जाणाऱ्या जैव-उत्तेजकांना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणले. त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे १० कोटी भागांत १ भाग. एवढा अंश काचेवर दिसणार नाही, त्याला फार संवेदनशील यंत्रे लागतात. पण गुण यावा म्हणून कोणी टॉनिकमध्ये मुद्दाम कीटकनाशक ओतले असेल, तर ते काचेवरून लपणे अवघड.

प्रश्न नुसत्या पैशाचा नाही

खोट्या औषधाने एकरी खर्च वाया जातो, हुमणी मुळ्या खाऊन जाते, हे नुकसान दिसते. पण याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याला विषबाधा झाली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कोणतं औषध होतं?" फॉस्फरसवर्गीय विषाला ॲट्रोपिनचे इंजेक्शन हा मुख्य उपाय. सगळ्याच वर्गांच्या विषांना तो उपाय चालत नाही. डॉक्टर लक्षणांवरूनही ओळखतात, पण बाटलीवर 'वनस्पतिजन्य टॉनिक' आणि आत भलतेच विष असले तर मोलाचा वेळ जातो. काचेचा आणि प्रकाशाचा अहवाल यायला दिवस लागतात, दवाखान्यात हातात मिनिटे असतात. म्हणून बाटलीतला माल आणि वरचे नाव एकच असणे हा शेतात पंप घेऊन उतरणाऱ्या माणसाचा हक्क आहे.

सभासदांनी काय करावे

१. पक्के बिल घ्या. त्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

२. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव व टक्के, बनवल्याची व मुदतीची तारीख आणि विषाच्या तीव्रतेचा रंग पाहा. लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

३. शंका आली तर फोडलेली बाटली घेऊन कारखान्यावर येऊ नका. फोडलेल्या बाटलीचा अहवाल कितीही खरा असला, तरी 'यात तुम्हीच काही मिसळले' एवढे म्हटले की तो लंगडा पडतो. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे निरीक्षक दुकानातला बंद माल नमुना म्हणून घेतो, त्याचे तीन भाग करून सील करतो आणि एक भाग सरकारी विश्लेषकाकडे पाठवतो. अहवालावर वाद झाला तर फरीदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेपर्यंत जाता येते.

४. त्याच बॅचची न फोडलेली बाटली शिल्लक असेल तर ती तशीच, सावलीत, कुलपात ठेवा. फोडलेली बाटलीही फेकू नका आणि औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही.

५. विषबाधा झाली तर रोग्याबरोबर ती बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या.

६. पिकावर काही विपरीत दिसले तर दोन दिवसांत गट कार्यालयाला कळवा. कोणत्या सरीपासून कोणत्या सरीपर्यंत फवारणी झाली, वारा कोणीकडचा होता, पंपात आधी काय होते, हे लिहून ठेवा. पुष्कळदा दोष औषधाचा नसून न धुतलेल्या पंपातल्या तणनाशकाचा असतो. दुकानदारावर बोट दाखवण्याआधी ही खात्री केलेली बरी.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते समोर ठेवलेल्या नमुन्याबद्दलच बोलते. तो नमुना आपल्या शेतातल्या औषधाचाच आहे, हे सिद्ध करणारा कागद आपल्या खिशात हवा. काच ठिपके वेगळे करील, प्रकाश नाव सांगेल, पण बिल जपण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे. येत्या लागणीच्या हंगामात प्रत्येक सभासदाने औषधांच्या बिलांसाठी एक पिशवी घरात खुंटीला अडकवावी, एवढी विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग